मुरायला हवं

केर्त्तू निस्कानेन जुना टीशर्ट टेबलावर टाकते
आणि म्हणते, असा नको.
छातीवर प्लास्टिकच्या शाईतला मासा,
अकरा वर्षांत खवले सुटलेला.
"अंगावर पाटी अडकवल्यासारखं वाटतं.
बर्फाच्या भोकातून वर आलं ना,
की कातडीला सगळं कळतं, बारीकसारीकसुद्धा."
असेल. मी कधी उतरले नाही त्या भोकात.

बाहेर ताम्पेरे, उणे बावीस.
आत हीटर धापा टाकतोय
आणि जाळीतली शाई माझ्या डोळ्यांदेखत सुकतेय.
ओस्मो दर चौथ्या ओढीला पाण्याचा फवारा मारतो,
आजारी झाडाला मारावा तसा, जरा घाबरत.

मी नमुने मांडते.

ही साधी. कापडात उतरते,
डोळ्यांना दिसते, बोटाला लागत नाही.
पण ते पांढऱ्यावर. तुमच्या गर्द निळ्यावर ही म्हणजे
अंधारात मान हलवून दिलेला होकार.

ही दाट. झाकते. पांढरा म्हणाल तर पांढराच.
दोनदा ओढायची, मध्ये वाळवायची,
आणि हात फिरवलात तर जराशी साय लागणार.

आणि ही.
ही आधी रंग देत नाही, कापडाचाच काढून घेते.
भुकटी मिसळली की हिचं आयुष्य सहा तास.
भट्टीत सडक्या अंड्यांचा वास सोडते,
आणि निळ्याच्या पोटात काय आहे
ते निळ्यालाच ठाऊक. मी हमी देत नाही.

लोक संशय आला की म्हणतात,
कुठेतरी पाणी मुरतंय.
माझ्या धंद्यात ते मुरलं नाही
तर संशय घ्यायचा.

"ही," केर्त्तू म्हणते.
एकतीस वर्षं शहराची बस चालवलेली बाई,
फाट्यावर रेंगाळायची सवय नाही तिला.

सत्तावीस टीशर्ट.
पट्टी ओढली, चौकट उचलली: काहीच नाही.
निळ्यावर फक्त ओल,
कुणी ओला हात पुसून गेल्यासारखी.
ओस्मो माझ्याकडे बघतो. मी भट्टीकडे.
पट्ट्यावरून टीशर्ट आत सरकतो, वास सुटतो,
आम्ही दोघं तोंडाने श्वास घेतो
आणि पलीकडच्या तोंडातून
मासा येतो.

पांढरा नाही.
माणसं चालून गेलेल्या
मार्चमधल्या बर्फाचा रंग.
केर्त्तू त्यावर अंगठा फिरवते,
एकदा, मग उलटा,
आणि तिला कडा सापडत नाही.

सव्वीस तसेच निघाले.
सत्ताविसावा सगळ्यात मोठा, सिल्वीचा.
सिल्वीला डॉक्टरांनी पाणी बंद केलंय, हृदयामुळे.
ती आता धक्क्यावर बसते, हातात घड्याळ,
आत गेलेल्यांची मिनिटं मोजते.
टीशर्ट कोटावरून घालायचा, म्हणून एवढा.
तो गठ्ठा वेगळ्या रंगणीचा असणार.
तीच शाई, तीच जाळी, हात माझाच,
आणि मासा निघाला वीटकरी.

मी म्हणाले, दुसरा करून देते, पैसे नकोत.
केर्त्तूने तो खिडकीकडे धरला.
बराच वेळ. (एवढा वेळ तिने शाई निवडायलाही घेतला नव्हता.)
"असू दे," म्हणाली.
"खालून वर बघताना
कुणाकडे बघायचं ते तरी कळेल."

निघताना मी सांगितलं, एकदा धुवा, वास जाईल.
"धुवायचं कशाला? रविवारी नॅसियार्वीत बुडवू."

मग जाळी धुतली. पाणी आधी राखाडी, मग नुसतं पाणी.
उजेडात धरली तर शेपटीपाशी तीन छिद्रं बुजलेली.
म्हणजे सगळ्याच माशांना तिथे तीन ठिपके कमी.
कुणाच्या लक्षात आलं नाही. सिल्वीच्या येईल,
तिला वेळ आहे.

ओस्मो विचारतो, पुढचं काय?
हॉकीचा संघ. पॉलिएस्टर. लालभडक.
तो फडताळापुढे थांबतो, तिसऱ्या डब्याकडे हात नेतो,
मागे घेतो.
"हे पाणी पिणार नाही," म्हणतो.
शिकतोय पोरगा.